डोह बंद करायला आमची संमती नव्हती

टोपली माझ्या डोक्यावर सरांनी स्वतःच्या हातांनी ठेवली.

लातूरला आमचे वर्ग नुकतेच सुरू झाले होते. सागर संवर्धनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. जीवशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा निरनिराळ्या विषयांतली पोरं एका वर्गात बसवलेली. समुद्र एकाच विषयाच्या माणसाला वाचवता येत नाही, असं सर म्हणायचे. सर म्हणजे अभ्यासक्रमाचे प्रमुख, पुण्याहून आलेले. त्या दिवशी वर्गात नाटकासारखा खेळ होता. किनाऱ्यावर बंदर होणार आहे आणि त्यावर बैठक भरली आहे, असं समजायचं. कुणी कलेक्टर व्हायचं, कुणी हॉटेलवाला, कुणी शास्त्रज्ञ. एका टोपीत चिठ्ठ्या होत्या. माझी पाळी आली तेव्हा सरांनी टोपी मागे घेतली.

"तुला चिठ्ठी नको. तू कोळीण हो. तुला ॲक्टिंगसुद्धा करावी लागणार नाही."

वर्ग हसला. पुण्यामुंबईची पोरं होती, मनापासून हसली. टोपलीत प्लास्टिकचे मासे होते. मला ओढणी कमरेला खोचायला लावली. बाकीच्यांनी कायदे सांगितले, आकडे सांगितले, तावातावानं भांडले. मला एकच वाक्य दिलं होतं. 'साहेब, आमच्या पोटाचं काय?' मी ते म्हटलं. टाळ्या पडल्या. फोटो निघाले.

थोड्याच दिवसांनी व्हरांड्यात संस्थेचं मोठं पोस्टर लागलं. त्यावर मी. डोक्यावर टोपली, भोवती माझ्याच वर्गातली मुलं वही-पेन घेऊन. खाली छापलं होतं, 'स्थानिक मच्छीमार महिलेशी संवाद साधताना आमचे विद्यार्थी'. मुलांची नावं होती. माझं नव्हतं. मी नांदेडहून प्राणिशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात घेऊन प्रवेश परीक्षा देऊन आले होते. आणि भिंतीवर मी विद्यार्थिनी नव्हते, मी अभ्यासाचा विषय होते. सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, अगं, फोटो किती छान आलाय, एवढं मनाला लावून घ्यायचं नाही. पोस्टर तसंच राहिलं. मी रोज त्याच्यासमोरून वर्गात जात होते आणि रोज आतून जळत होते.

मी भोई. आमचं गाव हदगाव तालुक्यात, पैनगंगेच्या काठावर. आमच्या माणसांनी नदीत जाळं टाकायचं आणि गावात पाणी भरायचं, हे कधीचं ठरलेलं. कुणी ठरवलं, ते कुणाला माहीत नाही. लग्न कुणाचंही असो, पाण्याच्या पिंपापाशी भोई उभा. मयत कुणाचीही असो, पाणी भोयानं आणायचं. आता घरोघरी नळ आहेत, बाटलीबंद पाणी आहे, तरी पंगतीत कुणाला ठसका लागला की माना आमच्याकडे वळतात. मी लहान असताना वर्गात गुरुजींना तहान लागली की तेसुद्धा मलाच उठवायचे. बाकीची पोरं पाढे म्हणायची, मी हंड्याकडे जायची.

या अभ्यासक्रमाला मी का आले, याचं कारण साधं होतं. पहिलं वर्ष लातूरला होतं, दुसरं वर्ष गोदावरीच्या मुखाशी, आंध्रच्या किनाऱ्यावर. आमची पैनगंगा वर्धेत जाते, वर्धा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी समुद्रात. माझ्या घरातल्या कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. मला तो शिकायचा होता, आणि तिथं काम करायचं होतं. लातूरच्या स्टँडवर रिक्षावाल्याला संस्थेचा पत्ता सांगितला तर तो म्हणाला, "ताई, हितं नळाला पानी येईना आन् ते समुद्र शिकवायलेत?" मलाही हसू आलं होतं. पण त्यामागचा विचार मला पटला होता. समुद्राचं दुखणं नदीतून येतं, म्हणून आधी नदी शिका. नदीतली वाळू समुद्रापर्यंत पोचली नाही की किनारा खचतो, हे सरांनीच फळ्यावर चित्र काढून शिकवलं. मी ते चित्र वहीत उतरवून घेतलं तेव्हा मला आमचा डोह आठवला. मी हात वर केला आणि आमच्या डोहाबद्दल बोलले.

डोह म्हणजे नदीतली खोल जागा. उन्हाळ्यात पैनगंगा आटते, तेव्हा मासे तिथं जगतात आणि त्यांच्यावर आमची आळी जगते. डोहाच्या तोंडाशी गेली काही वर्षं वाळू उपसत होते. हायवा, म्हणजे मोठे डंपर, भरभरून जायचे. काठ कोसळला होता, गाळ डोहात उतरत होता. सरांनी ऐकून घेतलं, डोळे चमकले त्यांचे. म्हणाले, यंदाचं क्षेत्रकार्य तुझ्या गावात. डोह संरक्षित करू, देशात नमुना ठरेल. मला वाटलं, आता वाळूवर कुणीतरी बोलेल. त्या रात्री वसतिगृहात आनंदाच्या भरात मला जेवणही सुचलं नाही.

सरांनी बैठक ठरवली ती गावातल्या मालकाच्या बंगल्याच्या अंगणात. सरपंच त्याची बायको, कारभार त्याचा. नदीकाठची जमीन त्याची आणि हायवासुद्धा त्याचेच. मी सरांना स्पष्ट सांगितलं, बैठक नदीवर घ्या, नाहीतर आमच्या आळीत घ्या, मालकाच्या अंगणात आमची माणसं तोंड उघडणार नाहीत. सर म्हणाले, तिथे सावली आहे, टॉयलेट आहे, परदेशी पाहुण्या येत आहेत, त्यांचा विचार नको का? या पाहुण्या म्हणजे आमच्या अभ्यासक्रमाचं मूल्यमापन करायला आलेल्या एक गोऱ्या बाई. त्यांना मराठीतलं इंग्रजीत सांगायचं काम माझ्याकडे दिलं होतं.

आमची बस पोचली तेव्हा अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. गोलात बसलं की कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही, असं सरांचं म्हणणं. आमच्या आळीतले लोक फाटकाबाहेर थांबले होते. सरांनी एकेकाचा हात धरून आणलं, खुर्चीत बसवलं. माझे वडीलही त्यात होते. आबा म्हणते मी त्यांना. लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट घालून आले होते. खुर्चीच्या अगदी कडेला टेकले होते. त्या अंगणात आबा उभ्या आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसले होते आणि मी ते बघून खुळ्यासारखी खूश झाले होते.

मालक आतून आला. माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठा. त्यानं गोलावरून नजर फिरवली. ती आबांवर थांबली. आवाज चढवला नाही, रागावला नाही. नेहमीचं बोलावं तसं बोलला.

"गंग्या, पाहुन्यास्नी पानी कोन देनार?"

आबा उठले. गंगाराम नाव आहे त्यांचं. पोराच्या वयाच्या माणसानं गंग्या म्हटलं आणि ते उठले, आत गेले, ताटात पेले भरून घेऊन आले. त्यांच्यामागे आमचे बाकीचे लोक एकेक करून खुर्चीवरून घसरले आणि भिंतीच्या कडेला खाली जाऊन बसले. कुणी त्यांना उठवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. रिकाम्या खुर्च्यांवर मालकाचे भाऊबंद येऊन बसले. गोल भरला.

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, सर, ते माझे वडील आहेत, तुम्ही त्यांना बोलायला बोलावलंय. सर हळूच म्हणाले, "फील्डमध्ये आपण ढवळाढवळ करत नसतो. आपण फक्त नोंद घ्यायची." आणि त्यांनी ती नोंदसुद्धा घेतली नाही. मी शेजारीच होते, त्यांच्या पेनाचं टोपण लागलेलंच होतं.

मग चर्चा. मालक बोलला, मालकाचा चुलता बोलला. ह्या लोकांनी जाळी टाकून टाकून डोह रिकामा केला, आता बारा महिने जाळं बंद करा, मासे वाढतील, पर्यटक येतील. वाळूचं नाव कुणी काढलं नाही. बंगल्याच्या मागे हिरव्या जाळीखाली हायवा झाकून ठेवलेले दिसत होते. बाईंनी विचारलं, ती काय वाहनं आहेत? मी तोंड उघडायच्या आत सरांनी उत्तर दिलं, शेतीची. किनारा का खचतो याचं चित्र फळ्यावर काढणारा हाच माणूस होता.

शेवटी सर उभे राहिले. डोहात कायमची मासेमारी बंदी ज्यांना मान्य आहे, त्यांनी हात वर करावेत. खुर्च्यांवरचे हात वर गेले. भिंतीकडचे लोक मालकाच्या तोंडाकडे बघत राहिले. आबा मधोमध उभे होते, दोन्ही हातांत ताट. त्यांना हात वर करता येत नव्हता आणि नाहीही म्हणता येत नव्हतं. मालकच त्यांच्या वतीनं म्हणाला, "गंग्याचं हाव हाय. त्यांच्या समद्यांचं हाव हाय."

सरांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "बाईंना सांग, मच्छीमार समाजाची एकमताने संमती आहे."

माझ्या तोंडून. माझ्या लोकांची चूल विझवायची ती माझ्या तोंडून, इंग्रजीत, हसून. मला त्या क्षणी टोपली आठवली नाही, पोस्टर आठवलं नाही. फक्त आबांचे हात दिसले. ताटाच्या कडा धरून बोटं पांढरी पडली होती. मी उठले. आबांच्या हातातून ताट घेतलं आणि सरांच्या हातात दिलं. ते इतके गोंधळले की त्यांनी धरलं.

"सर, हे धरा. आता आबांचे हात मोकळे आहेत. आता विचारा."

सर तसेच ताट धरून उभे. मालकाचा चेहरा पाहून मला जे सुख झालं ते मी लपवणार नाही. मला वाटलं, झालं. आता आबा बोलतील.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुढे झाले आणि सरांच्या हातातून ताट परत घेतलं. खाली मान घालून, माफी मागितल्यासारखं. आणि मला म्हणाले, "बाई, तू जाशील लातूरला. मला हितंच ऱ्हायचंय."

मालक हसला. सरही हसले, सुटका झाल्यासारखे. माझी सगळी बेइज्जती त्या हसण्यात होती. मी फाटकाबाहेर गेले आणि बसच्या मागे उभी राहून रडले. आबांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. परतीच्या वाटेत हळूहळू तो राग जिथं जायला हवा तिथं गेला. घाबरलेला माणूस चुकला नव्हता. त्याला घाबरवणारा एक होता, आणि त्याच्या घाबरण्याला संमती म्हणून लिहून घेणारा दुसरा होता. दोघांना मी ओळखून ठेवलं. बसमध्ये बाईंनी मला विचारलं, नक्की काय झालं? मी सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, फार गुंतागुंतीचं आहे. मग खिडकीतून कापसाच्या शेतांचे फोटो काढू लागल्या.

लातूरला पोचल्यावर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मी त्यांची, संस्थेची, अभ्यासक्रमाची लाज घालवली होती. संशोधकाला भावना नसतात, वस्तुनिष्ठता शिकायला मी इथं आले होते, वगैरे. मालक फार नाराज होते. त्यांना फोन करून माफी मागायची, नाहीतर दुसऱ्या वर्षी किनाऱ्यावर जाणाऱ्यांत माझं नाव नसेल. बोलता बोलता त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. त्या केबिनमध्ये मी नेहमी शुद्ध मराठी बोलायची, शब्द तोलून. त्या दिवशी आपोआप गावचं तोंड उघडलं.

"मी न्हाई मागनार. तुमचा समुद्र ठेवा तुमच्यापशी."

मी गावी गेले. आळीत, चिंचेखाली, कुणालाही खुर्ची न देता लोकांना बसवलं आणि तेच विचारलं जे अंगणात विचारलं होतं. बायका आधी बोलल्या. सगळ्यांना मालकाची भीती वाटत होती, आणि सगळ्यांनी ती भीती सांगितली. माझी आई म्हणाली, "भ्याव मला बी वाटतंय. पर जाळं गेल्यावर भ्यायला तरी काय उरतंय?" आणि तिनं कागदावर अंगठा दिला. तिच्यामागून आळीतल्या बायकांनी दिले, मग पुरुषांनी. डोह बंद करायला आमची संमती नव्हती आणि नाही, एवढाच मजकूर होता. आबांनी सही केली नाही. ते घराच्या उंबऱ्यावर पाठ करून बसून राहिले. मी त्यांना आग्रह केला नाही.

लातूरच्या सभागृहात अहवालाचं सादरीकरण होतं. जिल्ह्याचे अधिकारी आले होते, पत्रकार होते, मालकही पहिल्या रांगेत होता. पडद्यावर आमचा डोह आला, खाली 'स्थानिक समाजाची एकमताने संमती'. मी मागून उठले, पुढे चालत गेले आणि कागद वाचला. सरांनी माइक बंद करायला लावला. मला बिनमाइकचं बोलता येतं. जाळी उचलताना ह्या काठावरून त्या काठाला हाका मारणाऱ्या माणसांची मी पोर. मी हायवांबद्दल बोलले, ताटाबद्दल बोलले. सर उभे राहून म्हणाले, विद्यार्थिनी जरा भावनिक झाली आहे. तेव्हा एका अधिकाऱ्यानं शांतपणे विचारलं, नदीवरच्या अहवालात वाळू हा शब्द कुठेच कसा नाही? सरांनी घसा साफ केला. पाणी मागितलं. कुणीतरी आणून दिलं.

अहवाल तिथंच अडकला. बंदी लागली नाही. पण कुणी असं समजू नये की आम्ही जिंकलो. किनाऱ्यावर जाणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढलं. बाकी सगळे गोदावरीच्या मुखाशी गेले. तिकडून त्यांचे फोटो यायचे, गुडघाभर पाण्यात उभे राहून हसताना. आणि गावात एका सकाळी आबा नदीवर गेले तर त्यांच्या तराफ्याचे तुकडे काठावर पडले होते आणि जाळं कोयत्यानं फाडलेलं होतं. आळीतल्या इतक्या लोकांनी अंगठे दिले होते, पण जाळं फाडलं ते सही न करणाऱ्या आबांचं. कारण मी त्यांची मुलगी.

आबांनी ते फाटकं जाळं पोत्यात भरलं आणि एसटीनं नांदेडला माझ्या खोलीवर घेऊन आले. एवढा लांबचा प्रवास त्यांनी एकट्यानं कधी केला नव्हता. पोतं दारात ठेवलं.

"हे घे. पुरावा लागतो म्हन ना कोर्टात."

मी तेव्हा नांदेडला कायद्याला प्रवेश घेतला होता. त्या दिवसापासून मी थांबलेले नाही. माहितीच्या अधिकारात मालकाच्या वाळूच्या परवान्याचे कागद काढले. परवाना होता तो नदीच्या वेगळ्याच पट्ट्याचा. डोहाच्या तोंडाशी उपसायला कुठलाच परवाना नव्हता. डोहाची खोली मोजली, मासे कुठले उरले, कुठले गेले, ते लिहिलं. आळीतल्या घराघराची साक्ष घेतली, पण उंबऱ्यावर बसून, त्यांच्या वेळेनं, त्यांच्या बोलीत. जीवशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र, समाजशास्त्र. सगळे विषय एकत्र कसे वापरायचे, हे लातूरच्या त्या वर्गात मला नीट शिकवलं होतं. शिक्षण वाया गेलं, असं मी कधीच म्हणणार नाही.

आळीच्या नावानं खटला दाखल झाला आहे. प्रतिवादींत मालक आहे. खोटी संमती छापली म्हणून संस्था आहे आणि सरांचं नाव स्वतंत्रपणे आहे. ते नाव घालायचं नको, असं आमचा खटला चालवणाऱ्या सीनियर वकिलांचं मत होतं. विद्वान माणूस आहे, कशाला दुखवता. मी म्हटलं, तेच एक नाव मी खोडणार नाही.

मध्यंतरी सरांचा निरोप आला. झालं गेलं विसरून जाऊ, पुढच्या तुकडीत तुझी जागा पक्की, दुसरं वर्ष पूर्ण कर. मालकानंही आबांकडे माणूस पाठवला होता, नवं जाळं घेऊन देतो म्हणून. आबांनी त्या माणसाला दारातूनच परतवून लावलं. मी सरांना उत्तरच दिलं नाही. लोक मला म्हणतात, इतका राग बरा नाही, पुढे जा, माफ कर. मला पुढेच जायचंय. मला कुणाची माफी नको, जागा नको, नवं जाळं नको.

तारखा पडतात. पडू देत. मी वकिलीची सनद घेऊन उभी राहीपर्यंत खटला चालेल, एवढं मला आपल्या कोर्टाचं माहीत आहे. तेव्हा नाव पुकारलं जाईल आणि मालकाला उठून पिंजऱ्यात यावं लागेल. त्याच्यानंतर सरांना यावं लागेल. मी दोघांनाही पूर्ण नावानं हाक मारीन, अहो-जाहो करीन. मी प्रश्न विचारीन. उत्तर मिळेपर्यंत दोघांतल्या एकालाही बसू देणार नाही.